एका अंशाचा फरक

नव्या पाइपाचं तोंड जुन्यापेक्षा चार मिलिमीटरने रुंद होतं. व्हर्नियर मी तीनदा लावला, दर वेळी पाइप थोडा फिरवून, कारण वाकवलेला पाइप क्वचितच पुरता गोल असतो. जुना सहासष्ट, नवा सत्तर. नुसत्या डोळ्यांना फरक कळत नव्हता. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले तर नवा फक्त जास्त चकचकीत दिसत होता.

“अकरा टक्के,” मी म्हणाले.

“कशाचे?” डॉक्टर देसूरकरांनी विचारलं.

मी सांगितलं, की इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर या पाइपात बसतो. पाइप रुंद झाला की तेवढीच हवा त्यातून सावकाश जाते, सेन्सरला ती कमी वाटते, आणि मग पेट्रोलही कमी सोडलं जातं. गावात गाडी फिरवली तर काही जाणवणार नाही. घाटात ॲक्सिलरेटर तळाला टेकवला की मात्र इंजिन तापेल.

“म्हणजे उपाशी पोटी पळवायचं तिला.”

“तसंच.”

“मग जेवायला घाला की. त्यासाठीच तर बेळगावहून आलेय.”

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. कोल्हापुरात उद्यमनगरात माझ्या वडिलांचं गॅरेज होतं. लेथ आणि फाउंड्र्यांच्या गर्दीत एक लांबट शेड, आत रोलर बसवलेला खड्डा, त्यावर गाडी चढवून तिची ताकद मोजायची सोय. वडिलांना सगळे आप्पा म्हणत, मीही. मी फिजिक्समध्ये एमेस्सी केलेलं. पुण्यात एका चाचणी प्रयोगशाळेत चार वर्षं काढून, आप्पांनी तो रोलर घेतला तेव्हा मदतीला म्हणून महिन्यासाठी आले आणि परत गेलेच नाही.

डॉक्टर हेमांगी देसूरकर दातांच्या डॉक्टर. वय बावन्न. त्यांनी एक जुनी लाल जपानी टू-सीटर घेतली होती. घरचे विचारत, मागे कोण बसणार? त्या म्हणत, म्हणूनच घेतली. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी घाटचढाईची स्पर्धा होती आणि त्या पहिल्यांदाच उतरणार होत्या. त्याआधी त्यांना एअर इनटेक बदलून हवं होतं. इनटेक म्हणजे इंजिनाचं नाकच. त्यांनी तीन नाकं आणली होती. पहिलं कंपनीचंच, आत फक्त नवा फिल्टर. दुसरी काळी बंद पेटी, बंपरच्या मागून बाहेरची गार हवा ओढणारी. तिसरा तो चकचकीत रुंद पाइप. त्याच्या टोकाला उघडा, शंकूसारखा फिल्टर होता, आणि हवा ओढताना तो असा हुंकारायचा की शेजारच्या शेडमधली माणसं बघायला यायची.

मला दुसरं पसंत होतं. मी कारणही दिलं. आमच्याकडे गाडी रोलरवर असते तेव्हा बॉनेट उघडं असतं आणि समोर मोठा पंखा असतो, त्यामुळे तो उघडा फिल्टर इथे गार हवा पिईल आणि कागदावर पहिला येईल. रस्त्यावर बॉनेट बंद झालं की तो इंजिनाचीच गरम वाफ ओढत बसेल.

डॉक्टरांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग मान वळवून विचारलं, “आप्पा काय म्हणतात?”

हाच प्रश्न सगळेच विचारायचे. हुबळीपासून गोव्यापर्यंत लोक गाड्या आणायचे ते रोलरसाठी किंवा माझ्यासाठी नव्हे, आप्पा पोवारांच्या कानासाठी. आप्पांची पद्धत अशी होती. आमचे जुने फिटर इलाहीचाचा गाडीत बसून ॲक्सिलरेटर दाबून धरायचे. आप्पा पुढच्या डाव्या चाकापाशी उभे राहायचे, हातभर रबरी नळीचं एक टोक इंजिनाच्या ब्लॉकला टेकवलेलं, दुसरं कानात. मी त्यांच्यापासून सहा-सात फुटांवर, ट्रॉलीवर लॅपटॉप घेऊन. आप्पा एक बोट वर करायचे. मी लॅपटॉपवर उजव्या बाणाचं बटण दाबून पेट्रोल पेटवणारी ठिणगी इंजिनाच्या फेरीतल्या एका अंशाने लवकर पाडायची; डाव्या बाणाने अंश मागे यायचा. पुन्हा बोट वर, आणखी एक अंश. लवकर पाडावी तशी ताकद वाढते, पण एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे इंजिन आतून ठोके खायला लागतं. त्याला नॉकिंग म्हणतात. त्याचा आवाज बारीक असतो, स्टीलच्या ताटात मोहरी सांडावी तसा. तो आला की आप्पा मूठ वळायचे, “बास, दोन मागं” म्हणायचे, आणि गाडीचं काम झालेलं असायचं. तो आवाज ऐकू आला नाही आणि गाडी तशीच घाटात गेली तर पिस्टनला भोक पडायला दहा मिनिटंही लागत नाहीत. डॉक्टरांच्या गाडीत नॉकिंग ओळखणारा सेन्सर होता, पण तो आप्पांपेक्षा उशिरा जागा व्हायचा. निदान आम्ही लोकांना तसं सांगायचो.

त्या शनिवारच्या आठ महिने आधी, सांगलीच्या एका गाडीवर, मला मोहरी सांडलेली ऐकू आली आणि आप्पांनी आणखी एक बोट वर केलं.

मी तो अंश दिला नाही. उलट एक मागे घेतला. त्यानंतर आप्पांनी मूठ वळली. मला वाटलं, ट्रक गेला असेल बाहेरून. पुढच्या गाडीला तेच झालं. तेव्हापासून मी वहीत दोन रकाने केले, एक आप्पांच्या बोटांचा आणि एक मी खरंच दिलेल्या अंशांचा. आठ महिन्यांत एकतीस गाड्या झाल्या. आप्पा दर वेळी माझ्यानंतर एक बोट थांबायचे. बरोबर एक. त्यांचा कान एका अंशाने मागे पडलाय, असा निष्कर्ष मी काढला. चूक ठरावीक असेल तर ती वजा करता येते, हे मला शिकवलेलं होतं. मी वजा करत राहिले, आणि गाड्या उत्तम धावत राहिल्या. माझ्याकडे सिग्नल जनरेटर होता. वेगवेगळ्या पट्ट्यांतले आवाज आप्पांना ऐकवून बघायला पाच मिनिटं पुरली असती. ती पाच मिनिटं मी आठ महिन्यांत काढली नाहीत.

तर, आप्पा म्हणाले, तिन्ही लावून बघू, इंजिन सांगंल.

सकाळी पहिली दोन झाली. ती रोजच्यासारखी झाली. डॉक्टर आप्पांच्या शेजारी स्टुलावर बसून होत्या आणि मधूनमधून टोमणे मारत होत्या, की इतका वेळ तोंड उघडं ठेवायला सांगितलं असतं तर त्यांचे पेशंट उठून गेले असते. इलाहीचाचांनी गाडीतूनच उत्तर दिलं, की आमच्या पेशंटला बिलाची भीती नसते. काळ्या पेटीने ताकद थोडी वाढवली. आप्पांची चार बोटं झाली, माझे तीन अंश. वहीत आकडे गेले.

जेवणानंतर तिसरं इनटेक चढवताना गाडीला लॅपटॉप जोडणाऱ्या लांब केबलची पिन मोडली. दुसरी केबल होती, पण ती हातभर लांबीची. गाडीतच बसणं भाग होतं. मी इलाहीचाचांच्या शेजारच्या सीटवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. या गाड्यांत माणूस जवळजवळ जमिनीवर बसतो. समोर उघडं बॉनेट लाल भिंतीसारखं उभं होतं. आप्पा दिसत नव्हते. मी ओरडून सांगितलं, की तुमचा हात बॉनेटच्या कडेबाहेर काढा, म्हणजे मला बोटं दिसतील.

बॉनेटच्या डाव्या कडेबाहेर हात आला. मनगटापासून पुढचा तेवढाच.

मी आधी पेट्रोलचे ते अकरा टक्के भरून काढले, आणि इलाहीचाचांनी ॲक्सिलरेटर दाबला. तो हुंकार गाडीत बसून ऐकताना पोटात जाणवत होता. एक बोट. मी एक अंश दिला. दुसरं बोट. दुसरा अंश. तिसऱ्याला, हुंकाराच्या खालून, पायाखालच्या पत्र्यातून मोहरी आली. स्वच्छ ऐकू आली. मी लगेच एक मागे घेतला आणि आवाज थांबला. आता आप्पा आणखी एक बोट करतील आणि मूठ वळतील.

चौथं बोट झालं. मी काही दिलं नाही. मुठीची वाट पाहिली.

पाचवं बोट झालं.

मला वाटलं, उघड्या फिल्टरच्या आवाजात त्यांना ऐकू येत नसेल. पण नळीचं टोक ब्लॉकवर होतं, आणि मला तर नळीशिवाय ऐकू आलं होतं. सहावं बोट वर झालं. इंजिन माझ्या दोन अंशांवर शांत चाललेलं होतं, आणि त्या हाताला ते सहा अंशांवर आहे असं वाटत होतं. सहा अंशांवर ते इंजिन किंचाळलं असतं.

सातवं बोट. मग हात तसाच राहिला. मूठ वळेना की खाली जाईना. बोटं थोडी मिटली, पुन्हा उघडली. अंधारात दिव्याचं बटण शोधताना हात भिंतीवर थांबतो तसा तो हवेत थांबला होता.

“अनूताई,” इलाहीचाचा समोर बघत म्हणाले, “आता बास करा.”

ते इंजिनाबद्दल बोलत होते की कशाबद्दल, हे मी त्यांना तेव्हाही विचारलं नाही आणि नंतरही नाही. मी मान हलवली. त्यांनी पाय काढला. रोलर हळूहळू थांबले.

आप्पा बॉनेटला वळसा घालून आले. नळी गळ्यात अडकवलेली. माझ्याकडे न बघता ते डॉक्टरांना म्हणाले, झकास बसलंय, तिन्हींत हेच उजवं. मग मला म्हणाले, “दोन मागं घे आणि सोड.”

डॉक्टर खूश झाल्या. त्यांना पहिल्यापासून तेच हवं होतं. त्यांनी पर्समधून हातमोजे काढून चढवून पाहिले आणि सहज विचारलं, “उद्या घाटात पहिल्या वळणापासून वरपर्यंत पूर्ण दाबून धरलं तर चालेल ना आप्पा? नाही म्हणजे, नवरा खाली उभा राहून प्रार्थना करणार आहे, त्याला सांगायला.”

आप्पा म्हणाले, “चालंल की.”

“अजून झालेलं नाही,” मी म्हणाले.

गिऱ्हाइकासमोर आप्पांचं म्हणणं मी त्याआधी कधी खोडलं नव्हतं. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं. मी दहा मिनिटं मागितली. त्या बऱ्या स्वभावाच्या होत्या. म्हणाल्या, आमच्याकडे तर लोक दहा मिनिटं म्हणून तासभर बसतात, आणि इलाहीचाचांबरोबर चहाला गेल्या.

आप्पा शेडच्या मागे नळावर हात धूत होते. हातांना काहीच लागलेलं नव्हतं.

“किती बोटं झाली?” त्यांनी विचारलं.

“सात.”

“आणि तू?”

“तिसऱ्याला आवाज आला. मी दोनवर आणून ठेवलं.”

“मग गाडी ठीक हाय.”

“गाडी ठीक आहे.”

ते हात धूतच राहिले. मी वही आणली होती. ती उघडून त्यांच्यापुढे धरली आणि दोन रकाने काय आहेत ते सांगितलं. आवाज सरळ ठेवायचा प्रयत्न केला. मी म्हणाले, “मला वाटत होतं तुम्हाला एका अंशाने उशिरा ऐकू येतं. एकतीस गाड्या झाल्या. दर वेळी एकच.”

आप्पांनी ओल्या हाताने वही घेतली नाही, नुसती वाकून पाहिली. वरपासून खालपर्यंत बोट न लावता पाहिली. मग त्यांना हसू आलं.

“एकतीसच्या एकतीस?”

“हो.”

“आणि तू एमेस्सी.”

मी वही आणखी वर धरली.

“अनू, माणसाचा कान हाय त्यो. सर्दी झाली की येगळा, पावसात येगळा, शेजारी ग्राइंडर लागला की येगळा. त्यो रोज एकसारखा चुकंल व्हय?”

मी वहीकडे पाहिलं. पुण्यात एखाद्या उपकरणाने एकतीस वेळा तोच फरक दाखवला असता तर मी ते उघडून पाहिलं असतं. इथे मी रकान्याखाली सुबक रेघ मारली होती.

“मग मूठ कशी वळत होतात?” मी विचारलं.

“तुझ्या हाताकडं बघून. आवाज आला की तुझा हात उजव्या बाणावरनं डाव्या बाणाकडं सरकायचा. त्यो सरकला की मी आणखी एक बोट करायचो, संशय नको म्हणून. मग थांबायचो.” त्यांनी नळ बंद केला. “आज हातच दिसंना.”

पलीकडच्या लेथवर कुणीतरी लोखंड कापत होतं. आप्पांनी गळ्यातली नळी काढून गुंडाळली. मी विचारलं, कधीपासून. त्यांनी सांगितलं, दोन वर्षं. म्हणजे माझ्या वहीच्या आधी सोळा महिने. त्या काळात माझा हात सरकत नव्हता; सांगलीच्या गाडीला माझा चेहरा त्यांच्या नजरेतून निसटला, मी अंश मागे घेतला आणि तेव्हापासून ते हात बघायला लागले. त्याआधी मी त्यांच्या बोटांवर विश्वास ठेवून अंश देत होते, आणि ते माझ्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून मूठ वळत होते. आवाज आला की माझ्या कपाळाला बारीक आठी पडते, म्हणाले. तुझ्या आईलाबी पडायची, भाजीत खडा लागला की.

“गेल्या महिन्यात मी चार दिवस पुण्याला गेले होते,” मी म्हणाले.

“दोन गाड्या परत धाडल्या. रोलर बिघडलाय म्हणून सांगितलं. इलाहीला विचार.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू सांगितलंस?”

“फरक ठरावीक होता. त्यामुळे धोका नव्हता.”

“आसं?”

मी वही मिटली. “नाही. मला बोलायचं नव्हतं.”

“मलाबी,” आप्पा म्हणाले.

ते नळाजवळच्या कट्ट्यावर बसले. मग ते बोलले ते बरंचसं स्वतःशीच. दर दसऱ्याला हत्यारं पुजताना ते ठरवायचे, की यंदापासून इंजिनाला कान लावायचा नाही. मग आठवड्याभरात कुणीतरी कारवारहून नाहीतर सोलापूरहून गाडी घेऊन यायचा आणि म्हणायचा, आप्पा, फक्त तुमच्या कानासाठी एवढ्या लांब आलो. मग ते नळी उचलायचे. पुढच्या दसऱ्याला बघू. वयाच्या सोळाव्या वर्षापासून ते या आवाजांत उभे होते. त्यांच्या कानाला काही झालं असेल तर ते याच कामाने झालं असणार, हे त्यांनाही कळत होतं आणि मलाही. बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. नॉकिंगचा आवाज नेमका तिथलाच.

मी म्हणाले, या गाडीचं तरी आज खरं सांगायला हवं. माझा अंश बरोबर आहे. पण उद्या त्या बाई घाटात पूर्ण दाबणार आहेत ते तुमच्या शब्दावर, आणि तो शब्द तुम्ही न ऐकता दिलाय. शिवाय ते उघडं इनटेक मी लावू देणार नाही. बॉनेट लावून पुन्हा मोजू. गरम हवेवर ते मागे पडेल, आणि गरम हवेवर नॉकिंगही लवकर येईल.

“लोक जातील,” आप्पा म्हणाले.

मी त्याला नाही म्हटलं नाही. जातील की राहतील, हे मला माहीत नव्हतं.

चहा घेऊन दोघं परत आले. इलाहीचाचा गाडीपाशी गेले आणि उगाच चाक पुसायला लागले. डॉक्टरांनी हातातली किल्ली बोटाभोवती फिरवत विचारलं, काय ठरलं, घरचं भांडण मिटलं का?

मी बोलायला तोंड उघडलं. आप्पांनी हात वर केला, पण मूठ वळली नाही, बोटंही केली नाहीत, नुसता मला थांबवायला. त्यांनी गुंडाळलेली नळी लाल गाडीच्या टपावर ठेवली. गेल्या दोन वर्षांत त्यांचा आवाज मोठा झाला होता आणि आमच्या घरात ते कुणी बोलून दाखवलं नव्हतं. त्यामुळे ते जे बोलले ते पलीकडच्या लेथवाल्यालाही ऐकू गेलं. त्याने मशीन बंद केलं.

“डॉक्टर, मला नॉकिंग ऐकू येत न्हाई. दोन वर्षं झाली. या दोन वर्षांत इथनं जी गाडी नीट गेली ती या पोरीमुळं गेली, माझ्यामुळं न्हाई. आजपासून मी इंजिनाला कान लावणार न्हाई. गाड्या अनू बघणार. तुम्हाला पटलं तर थांबा, न्हाईतर किल्ली तुमच्या हातात हाय. पण थांबणार असलात तर कुठलं इनटेक बसवायचं ते मला इचारू नका, तिला इचारा.”